उंदीर आधी पडले होते

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात धान्याच्या वखारी, साखरेची गोदामे आणि त्यांना खेटून दाटीवाटीने उभ्या असलेल्या चाळी होत्या. बंदरावरचा माल उतरून इथेच येई. पावसाळा सरत असताना या चाळींमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला. अंग तापाने फणफणे, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावे. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा दवाखाना याच भागात होता. ते महापालिकेच्या स्थायी समितीचे सभासदही होते. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान करून त्यांनी ते समितीपुढे मांडले. प्लेग हा शब्द उच्चारला गेला की बंदराचा व्यापार अडणार, हे सगळेच जाणून होते. त्यामुळे तो शब्द स्वीकारायला शहराच्या मनाची तयारी नव्हती.

माणसे आजारी पडू लागण्याआधीच वखारींमधून उंदीर मरून पडत होते. पोती उचलणाऱ्या हमालांना ते दिसत होते, झाडणाऱ्यांना दिसत होते. पण उंदीर का मरतात हा प्रश्न आरोग्य खात्यापर्यंत जाण्याची वाटच नव्हती. मेलेला उंदीर केराबरोबर बाहेर जाई आणि त्याच्याबरोबर रोगाबद्दलची सगळ्यात मोलाची बातमीही जाई. ती बातमी शास्त्राच्या नोंदीत पक्की व्हायला पुढची दहा वर्षे लागली.

संस्थेला एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमके काय होते, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. माणूस पाहतो आणि त्याला कळते. संस्थेच्या बाबतीत कोणीतरी पाहावे लागते, पाहिलेले बोलावे लागते, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने ते ऐकावे लागते, खरेखोटे पारखावे लागते आणि शेवटी कामाची रीत बदलावी लागते. या साखळीतली एक कडी जरी निसटली तरी शंभर माणसांना ठाऊक असलेली गोष्ट संस्थेला ठाऊक नसते. आणि संकट काही ही साखळी जुळेपर्यंत थांबत नाही. कळण्याआधीच काहीतरी करावे लागते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीला हजार घरांपैकी साधारण किती घरे जळतात याचा हिशेब मांडता येतो. ती जोखीम. ज्या प्रसंगाला मागचा हिशेबच नाही, काय काय घडू शकेल याची यादीही करता येत नाही, ती अनिश्चितता. १८९६ ची मुंबई या दुसऱ्या प्रकारात मोडते. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. दूषित हवा, कुजकी जमीन, तुंबलेली गटारे, रोग्याचे कपडे, धान्य असे अनेक संशयित होते.

महापालिका हातावर हात ठेवून बसली नाही, हे आधी नोंदवायला हवे. गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली गेली. चाळींमधून कार्बोलिक ॲसिड फवारले गेले, भिंतींना चुना लागला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली. रोग घाणीतून येतो ही त्या काळची समजूत होती आणि तिला धरून हे सगळे सुसंगत होते. पण गटारे धुतली की तिथले उंदीर चाळींकडे पळत. एका खोलीत औषध मारले की शेजारच्या खोलीत शिरत. रोगाला जणू नवी वाट करून दिली जात होती, आणि कामात बुडालेल्या यंत्रणेला ते दिसण्याची सोय नव्हती. किती गॅलन औषध मारले याची नोंद होत होती. मारल्यानंतर त्या चाळीत काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जात होता.

त्यात सक्ती आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना घरात शिरण्याची, रोग्याला उचलून नेण्याची, सामान जाळण्याची मुभा मिळाली. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या अधिपत्याखाली गोरे सोजीर घरोघरी झडत्या घेऊ लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. त्या इतिहासाची एक बाजू मात्र कमी बोलली जाते. झडतीच्या भीतीने लोकांनी रोगी लपवले, प्रेते गुपचूप हलवली, मृत्यूचे कारण वेगळे सांगितले. ज्या घडीला सरकारला खऱ्या माहितीची सर्वांत जास्त गरज होती, त्याच घडीला माहिती देणारे तोंड बंद झाले. सक्तीने लोक दुखावले गेलेच, शिवाय आकडेही खोटे झाले. पुढे सरकारला सक्ती सैल करावी लागली.

याच काळात गावोगाव लोक स्वतःचा उपाय करत होते. उंदीर पडू लागले की घर सोडायचे, गावाबाहेर माळावर झोपडी घालून राहायचे आणि साथ ओसरल्यावर परतायचे. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरी गावांमध्ये ही रीत त्याआधी कितीतरी वर्षे होती, तिथे काम केलेल्या डॉक्टरांनी तिची नोंदही केली होती. घर का सोडायचे याचे जे कारण लोक देत ते शास्त्राला मान्य होण्यासारखे नव्हते. पण केव्हा सोडायचे हे त्यांना अचूक कळत होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मरणातून जमलेले हे ज्ञान होते. त्याला भाषा होती, पण कार्यालयीन दप्तरात जागा नव्हती.

मग शास्त्रीय ज्ञान घडले कुठे? आरंभी एका अपुऱ्या खोलीत. ऑक्टोबर १८९६ मध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक लहान खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसाच्या काढ्यावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबू लागले, गुहेच्या छताला चुन्याची लोंबती टोके धरावीत तसे. भांडे हलवले की ती टोके तुटून तळाशी जात आणि वर पुन्हा नवी धरत. जंतू उष्णतेने मारून त्यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना ती दिली आणि लस घेतलेले व न घेतलेले यांच्यात साथीचा काय फरक पडतो ते मोजले. शहरभर कौले काढली जात असताना इथे एका कृतीची दुसऱ्या कृतीशी तुलना होत होती. फरक साधनांचा नव्हता, साधने तर हाफकिन यांच्याकडे फारच थोडी होती. आपण चुकत असू शकतो हे गृहीत धरून काम आखले होते, हा तो फरक.

रोगाच्या प्रसाराचे कोडे मात्र लसीनेही सुटले नाही. पॉल-लुई सिमों हे फ्रेंच डॉक्टर १८९७ मध्ये मुंबईत आणि नंतर कराचीत काम करत होते. रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायांवर, बारीकसे फोड त्यांना दिसत आणि त्या फोडांत प्लेगचे जंतू सापडत. पिसवा चावल्याची ती खूण असावी, असा त्यांना संशय आला. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नव्हता, पिसवा मात्र उडी मारू शकत होत्या. पहिला उंदीर मेला आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. सिमों यांनी त्याच वर्षी निबंध छापला. प्लेगची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी आयोगाला हा पुरावा पुरेसा वाटला नाही आणि पिसवांची गोष्ट बाजूला पडली. प्रयोग मोजकेच होते, हा आयोगाचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण पुरावा अपुरा असेल तर प्रयोग वाढवायचे, ही पुढची पायरी त्या वेळी घेतली गेली नाही. ‘सिद्ध झालेले नाही’ याचा अर्थ ‘खोटे आहे’ असा घेतला गेला.

एप्रिल १९०३ मध्ये मुंबईतल्या एका चाळीत पुन्हा उंदीर पडू लागले. काही दिवसांनी रहिवासी तक्रार करू लागले की खोल्यांमध्ये पिसवा फार झाल्या आहेत, झोप लागत नाही. लोक व्हरांड्यात येऊन झोपू लागले. पाठोपाठ प्लेगचा रोगी निघाला. या वेळी तक्रार ऐकणारा माणूस हजर होता. डॉ. ग्लेन लिस्टन यांनी त्या माणसांच्या अंगावरून पकडलेल्या ३० पिसवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांतल्या १४ उंदराच्या पिसवा होत्या. उंदराची पिसू एरवी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. उंदीर मेले, त्या उपाशी झाल्या आणि माणसाला चावू लागल्या. चाळीतल्या लोकांनी ज्या क्रमाने गाऱ्हाणे मांडले, तोच क्रम रोगाचा होता.

१९०५ पासून परळला नव्या संशोधन आयोगाने हे निर्विवाद ठरवायचे काम हाती घेतले. मुंबईची घरे असतात तशा सहा झोपड्या मुद्दाम बांधल्या गेल्या. दोघींवर साधी गावठी कौले, दोघींवर मंगलोरी कौले, दोघींवर पत्रा. त्यांत गिनीपिग सोडले गेले. पिसवा होत्या तिथे रोग पसरला. पिसवा नव्हत्या तिथे रोगी आणि निरोगी प्राणी अंगाला अंग लावून राहिले तरी पसरला नाही. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला, दुसरा दोन फुटांवर. खालच्या पिंजऱ्यात रोग पोचला, वरच्यात नाही. कारण पिसवांची उडी तेवढी उंच जात नाही. काही पिंजऱ्यांभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला, आतले प्राणी वाचले. दहा वर्षांचा वाद या काही इंचांत मिटला.

देशभर प्लेगने त्या साऱ्या काळात एक कोटीहून अधिक माणसे नेली. एकट्या १९०७ सालात दहा लाखांहून अधिक मृत्यू झाले. ज्ञान उशिरा आले याची ही किंमत आहे. पण निव्वळ ‘अज्ञान होते’ असे म्हणून हा हिशेब मिटत नाही. हमालाला दिसलेला उंदीर, माळावर राहायला गेलेले गाव, कराचीतली बरणी हे सगळे १८९८ पर्यंत उपलब्ध होते. ते एकत्र आणणारी व्यवस्था उपलब्ध नव्हती.

अशी व्यवस्था उभी राहिली तरी ती चुकीला कसे तोंड देते यावर पुढचे सगळे अवलंबून राहते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन मृत्यू आला. सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. दोष हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि त्यांना दूर करण्यात आले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला, ही गोष्ट चौकशीच्या कागदपत्रांतच होती. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. मधल्या पाच वर्षांत लसीवरचा लोकांचा विश्वास ओसरला होता. दोषी शोधण्याची घाई झाली की चूक नेमकी कुठे झाली हे शोधायचे राहून जाते, आणि चिमटा पुन्हा जमिनीवर पडू शकतो.

पाऊणशे वर्षांनी याच देशात दुसरे चित्र दिसले. देवीच्या निर्मूलनासाठी भारतात १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू होता. बहुतेक लोकसंख्येला लस टोचायची, हे त्याचे सूत्र होते. कोट्यवधी लोकांना लस टोचूनही देवी हटेना. दरम्यान, डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात अमेरिकन डॉक्टर विल्यम फेगी यांच्या तुकडीकडे लस तुटपुंजी होती. मिशनऱ्यांच्या बिनतारी यंत्रांवरून रोगी कुठे आहेत हे विचारायचे आणि फक्त त्यांच्या भोवतीच्या लोकांना लस द्यायची, असे त्यांनी ठरवले. टंचाईपोटी केलेला तो उपाय होता. साथ थांबली. टंचाईतून सुचलेल्या या युक्तीची मग जाणीवपूर्वक पद्धत करण्यात आली.

ऑक्टोबर १९७३ पासून भारतात घरोघरी शोधमोहिमा सुरू झाल्या. कामगाराच्या हातात देवीच्या फोडांनी भरलेल्या बाळाचे चित्र असलेले कार्ड असे. असे कोणी पाहिले का, एवढाच प्रश्न. बाजारात, शाळेत, चहाच्या टपरीवर तो विचारला जाई. पहिल्याच शोधात नोंद न झालेले हजारो रोगी सापडले आणि आकडे एकदम चढले. एखाद्या खात्याने असे आकडे दडपले असते. इथे त्याचा अर्थ वेगळा लावला गेला: रोग वाढला नाही, आपल्याला दिसू लागला. शोध नीट झाला का हे पाहायला काही गावे दुसरी तुकडी पुन्हा तपासत असे. ठरावीक काळाने बैठक होई, काय फसले ते उघड मांडले जाई आणि पुढच्या फेरीची रीत बदलली जाई. रोगी कळवणाऱ्याला बक्षीस होते. रोगी कमी होत गेले तशी बक्षिसाची रक्कम वाढत गेली.

१९७४ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये साथ हाताबाहेर गेल्यासारखी वाटली. आता पुन्हा सरसकट लसीकरणाकडे वळावे, असे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी बैठकीत सांगितले. त्या बैठकीची हकिगत फेगी यांनी लिहून ठेवली आहे. एक तरुण भारतीय डॉक्टर उठून उभा राहिला आणि म्हणाला की आपल्या गावात आग लागली तर लोक पेटलेल्या घरावर पाणी ओततात, सगळ्या घरांवर नाही. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. तो तरुण बोलला, हे धैर्याचे होते. मंत्र्यांनी सगळ्यांसमोर आपले मत बदलले, हे त्याहून दुर्मीळ होते. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही.

महाराष्ट्रात याच वाटेवरचे काम गडचिरोलीत उभे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यातली लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती आणि निदान करणारा डॉक्टर कोसोकोस नव्हता. मिनिटाला श्वास किती यावरून न्यूमोनिया ओळखता येतो, पण गावातल्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजणे अवघड होते. दहापर्यंत ती मोजू शकत होती. तेव्हा एक साधे यंत्र तयार झाले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. वाळू उलटायची, बाळाच्या पोटाकडे पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. तान्ह्या बाळासाठी मण्यांची ओळ वेगळी, मोठ्या मुलासाठी वेगळी.

इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की कारागिराच्या हातात मुरलेले ज्ञान शब्दांत आणणे आणि शब्दांतले ज्ञान पुन्हा हातांत मुरवणे, या ये-जा करण्यातून संस्था नवे काही निर्माण करतात. गडचिरोलीतल्या त्या मण्यांच्या तारेत ही दुसरी दिशा बोटाने दाखवता येते. डॉक्टरचे निदान सुईणीच्या बोटांत उतरले. पुढे याच संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, तुलनेसाठी दुसरी गावे ठेवली आणि बालमृत्यूंचा काटेकोर हिशेब ठेवला. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभरच्या सरकारी कार्यक्रमात आली.

या उदाहरणांमधून तीन प्रश्न निघतात. पुढची पाने वाचताना वाचकाने ते जवळ ठेवावेत. कारखाना असो, बँक असो, शाळा असो की ग्रामपंचायत, ते सगळीकडे लागू पडतात. सर्वांत आधी कोणाला दिसते, आणि त्याचे म्हणणे कोणापर्यंत पोचते? केलेल्या कृतीचा परिणाम कोण मोजते, आणि तो उलटा निघाला तर ते सांगण्याची मुभा आहे का? एकदा मिळालेले ज्ञान सांभाळायची जबाबदारी कोणाची?

तिसरा प्रश्न सोपा वाटतो, पण तोच सर्वांत लवकर विसरला जातो. १९६६ नंतर भारतात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती आणि त्यावर नजर ठेवणारी व्यवस्थाही हळूहळू आक्रसत गेली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. त्याच्या काही आठवडे आधी, ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला या छोट्या गावातून तक्रार आली होती. गावकऱ्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: उंदीर पडत आहेत आणि पिसवा फार झाल्या आहेत.